तीन तारखेची रिकामी ओळ

पोचबाईंचं खरं नाव विद्यापीठात फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. कुलगुरूंच्या ड्रायव्हरपासून पहिल्या वर्षाच्या पोरांपर्यंत सगळे त्यांना पोचबाईच म्हणायचे. तेही पाठीमागे, कारण तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. मुख्य इमारतीत जिन्याखाली आवक-जावकची खोली होती. विद्यापीठात येणारा प्रत्येक कागद आधी तिथे यायचा आणि जाणारा प्रत्येक कागद तिथूनच निघायचा. बाई त्याला क्रमांक द्यायच्या, तारखेचा शिक्का मारायच्या, नोंदवहीत एक ओळ लिहायच्या आणि ज्याच्या हाती कागद ठेवायच्या त्याची सही घ्यायच्या. ती सही म्हणजे पोच. खुद्द कुलसचिव आले तरी पोच दिल्याशिवाय त्यांना स्वतःचं पाकीट मिळत नसे. एकदा एका प्राध्यापकांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका खिडकीतून प्रेमाने आत सरकवली. बाईंनी तिच्यावर आवक क्रमांक घातला, शिक्का मारला, आणि मग साडी नेसून वेळेवर लग्नाला गेल्या.

एकतीस वर्षं त्यांनी हे काम केलं. सकाळी आल्यावर खांद्यावरची पिशवी उतरवण्याआधी त्या शिक्क्याची तारीख पुढे फिरवायच्या. टेबलावर डाव्या हाताला आवकची वही, उजव्या हाताला जावकची वही, मध्ये डिंकाची बाटली, आणि मागच्या कपाटात पोस्टाच्या पावत्या चिकटवलेल्या जाड फायली. कागद मात्र त्या कधी वाचत नसत. विषय काय, कुणाला, कुठल्या विभागाकडून, एवढंच बघायच्या. "आपलं काम कागद पोचवायचं. आत काय लिहिलंय ते लिहिणाऱ्याने बघावं," असं त्या म्हणायच्या, आणि याचा त्यांना अभिमान होता. इतरांच्या पत्रांत नाक खुपसणाऱ्या कारकुनांबद्दल त्या जे बोलायच्या, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता त्यांच्या हातून घडलेली चूक सांगायला हवी. तिला त्या चूक म्हणतच नव्हत्या, तिथेच सगळी गोम आहे.

जावकच्या वहीत ओळी क्रमाने लागतात. एकापुढे एक क्रमांक, आणि दिवस संपला की खाली तारीख बदलते. पण कचेरी म्हटली की कुठल्या तरी साहेबांची सही व्हायची राहते. पत्र आज निघायला हवं असतं आणि साहेब दौऱ्यावर असतात. मग विभागातून निरोप यायचा, "बाई, दोन नंबर राखून ठेवा." बाई आजच्या तारखेखाली दोन ओळी कोऱ्या सोडायच्या. चार दिवसांनी सही झालेलं पत्र यायचं, त्या ओळीत भरलं जायचं, आणि कागदोपत्री ते चार दिवसांपूर्वीच निघालेलं असायचं. बाईंना हे काम शिकवणाऱ्या जुन्या कारकुनाने पहिल्याच आठवड्यात ही रीत शिकवली होती. त्याला त्याच्या साहेबांनी शिकवली असेल. हे ऐकून कुणी नाक मुरडेल. मुरडू द्या. कचेरीत एक दिवसही न बसलेल्यालाच ते परवडतं. बाईंच्या लेखी ही माणुसकी होती. पोच न घेणं हे पाप, आणि ओळ राखणं ही अडल्यानडल्याला मदत. दोन्हींत काही विसंगत आहे असं त्यांना एकतीस वर्षांत एकदाही वाटलं नाही.

त्या महिन्याच्या तीन तारखेला शिस्त विभागाच्या अधीक्षकांनी तीन ओळी राखायला सांगितल्या. अधीक्षक मोठे गोड माणूस. आवाज कधी चढवायचे नाहीत, बाईंच्या यजमानांच्या गुडघ्याची चौकशी करायचे. सोळा तारखेला ते स्वतः जिना उतरून एक पाकीट घेऊन आले. "बाई, हे तेवढं त्या तीन तारखेच्या ओळीत घाला. रजिस्टर पोस्टाने जायचंय."

बाईंनी नोंद केली, पाकीट पोस्टात पाठवलं, संध्याकाळी पोस्टाची पावती आली ती पावत्यांच्या फायलीत चिकटवली आणि दिवा मालवून घरी गेल्या. पाकिटात काय होतं ते त्यांनी अर्थातच पाहिलं नाही.

पाचेक आठवड्यांनी एक मुलगी खिडकीशी आली. रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाची. केस घट्ट बांधलेले, हातात प्लास्टिकची फाईल, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्य घरून पाठ करून आणलंय.

"मॅडम, मला जावक वहीतल्या एका नोंदीची नक्कल हवी आहे. हा अर्ज. याची पोच द्याल का?"

मुलीनेच पोच मागितली, म्हणून बाई खूश झाल्या. त्यांनी शिक्का मारून प्रत तिच्या हाती दिली आणि सहज विचारलं, "कशासाठी गं?"

मुलीने सांगितलं. प्रात्यक्षिक परीक्षेत तिच्या आणि आणखी एका मुलाच्या उत्तरपत्रिकेत एकाच जागी एकच चुकीचा आकडा निघाला होता. कॉपी केल्याचा ठपका ठेवून तिला दोन वर्षांसाठी निलंबित केलं होतं. चौदा तारखेला शिस्त समितीची सुनावणी झाली, ती हजर नव्हती. समितीने लिहिलं, नोटीस देऊनही विद्यार्थिनी आली नाही, तिला काही सांगायचं नाही असं दिसतं.

"आणि नोटीस?"

"एकोणीस तारखेला आली, मॅडम. सुनावणी होऊन पाच दिवस झाल्यावर."

"म्हणजे वरातीमागून घोडं," बाई हसत म्हणाल्या. मुलगी हसली नाही. "पाकीट असेल की. त्यावर पोस्टाचा शिक्का असतो."

"बाबांनी फाडून टाकलं. निलंबनाचं पत्र त्याच्या दुसऱ्या दिवशी आलं ना, तेव्हा. नोटीस पण फाडली, मी तुकडे जोडून ठेवलेत. पाकीट चुलीत गेलं. बाबा नळ जोडायची कामं करतात. त्यांना वाटतं, एवढं मोठं विद्यापीठ खोटं कशाला बोलेल?"

बाईंनी वही उघडली. क्रमांक सापडला. तारीख तीन. अक्षर त्यांचंच, सुबक, ओळीला चिकटून. त्यांनी नोंद उतरवून काढली, खाली 'खरी नक्कल' असं लिहिलं आणि सही केली. मुलीने कागद वाचला आणि तिचा चेहरा पडला.

"तीन तारखेला निघालं? इथून आमच्या घरी पत्र दोन-तीन दिवसांत येतं. सोळा दिवस कुठे होतं मग?"

तेव्हा बाईंना आठवलं. गोड बोलणं आठवलं, गुडघ्याची चौकशी आठवली, सगळं आठवलं. बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात मुलीच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या कुणीतरी घसा खाकरला, आणि बाई म्हणाल्या, "पुढचे या."

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. यजमान बसवर कंडक्टर होते, आता निवृत्त. आयुष्यभर सुट्ट्या पैशांवरून भांडलेले, त्यामुळे घरी कधी भांडायचे नाहीत.

"सरकार, आज ताट परत? आवक की जावक?"

बाईंनी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "तुझ्या सहीचा कागद खोटा आहे, एवढंच ना?"

"खोटा कसा? वहीत तेच लिहिलंय."

"वहीत कुणी लिहिलं?"

"अहो, सगळेच राखतात ओळी. माझ्या आधीपासून चालत आलंय. दोन वर्षं राहिली माझी. आता मी उठून सांगू की जावकची वही खोटी आहे? एका ओळीवर शंका आली तर सगळ्या वह्यांवर येते. आणि साहेबांनी तरी मुद्दाम थोडंच केलं असेल? राहिलं असेल पाठवायचं, मग घाबरले असतील. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं का मी?"

"मी कुठे म्हणतोय कर?" यजमान ताट उचलून स्वयंपाकघरात घेऊन गेले. ते असेच होते. बोलले असते तर बाईंना उलट बोलता आलं असतं.

पंधरवड्याने मुलगी पुन्हा आली, या वेळी एका वकीलबाईंना घेऊन. वकीलबाई तरुण होत्या, झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर त्यांची बसायची खोली होती, आणि चप्पल एका बाजूने झिजलेली. अर्ज द्यायची पाळी येईपर्यंत दोघी खिडकीबाहेरच्या बाकावर बसल्या. पुढे वाकून बोलत होत्या तरी जिन्याखाली आवाज घुमतो. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा इतरांच्या कागदात काय आहे ते कान देऊन ऐकलं.

"तुझ्यापुढे तीन वाटा आहेत," वकीलबाई सांगत होत्या. "पहिली, माफी मागायची. अधीक्षक म्हणतात माफीनामा दे, दोनाचं एक वर्ष करून देतो. सही केलीस की गुन्हा कबूल झाला, आणि पुढे कुठेच दाद मागता येणार नाही. दुसरी, कुलगुरूंकडे अपील. साठ दिवसांची मुदत आहे, ती आज पाळतोय आपण. सोबत अर्ज द्यायचा, की निकाल लागेपर्यंत शिक्षेला स्थगिती द्या, मला परीक्षेला बसू द्या. तिसरी वाट कोर्टाची. पण कोर्ट आधी विचारतं, घरातल्या मोठ्यांकडे, म्हणजे कुलगुरूंकडे, गेला होतात का? म्हणून आधी अपील."

"पण मी कॉपी केलीच नाही हे कुणी बघणार आहे का? आम्हा दोघांकडे एकाच ताईची जुनी वही होती. तिनेच तो आकडा चुकीचा लिहिला होता. वही अजून आहे माझ्याकडे. दोन मिनिटांत दाखवता आलं असतं."

"तेच तर. तुला ती दोन मिनिटं दिली नाहीत, हाच आपला मुद्दा. कॉपी झाली की नाही हे नंतर. माणसाला शिक्षा करण्याआधी विचारलं होतं का, हे आधी." वकीलबाईंनी फाईल उघडली. "अडचण एकच आहे. ही जावक वहीची नक्कल. वहीतली नोंद खरीच धरतात. ती लिहिणाऱ्या माणसाने स्वतः उठून उलटं सांगितलं तरच ती मोडते. आणि तसं कोण सांगतंय?"

बाईंनी अर्ज घेतला, शिक्का मारला, पोच दिली. शिक्का पुसट उमटला, तर त्यांनी तो पुन्हा नीट मारून दिला. एवढंच केलं. ते सुद्धा स्वतःला पुरेसं वाटावं म्हणून.

स्थगिती मिळाली नाही. कुलगुरू कार्यालयाने लिहिलं, नोटीस वेळेत निघाल्याचं अभिलेखावरून दिसतं, प्रथमदर्शनी अन्याय आढळत नाही. ते पत्रही बाईंच्याच हातून गेलं. या वेळी त्यांनी पाकीट बंद करण्याआधी कागद वाचला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा वाचला, आणि त्यात त्यांना स्वतःचं अक्षर दिसलं. अभिलेख म्हणजे काय, तर त्यांची ती सुबक ओळ.

परीक्षा सुरू झाल्या. पहिल्या दिवशी बाई डबा खायला बाहेर गेल्या तर मुलगी परीक्षा भवनासमोरच्या कट्ट्यावर बसलेली. शेजारी तिचे वडील, पायाशी पाने-पकडींची पिशवी. दोघांत हातभर अंतर. आतून घंटा वाजली, मुलं बाहेर आली, कुणीतरी मुलीला हात केला आणि मग लगबगीने दुसरीकडे पाहिलं. वडील उठले आणि मुलीकडे न बघता म्हणाले, "चल. बघितलंस ना? झालं समाधान?" मुलगी मागून चालू लागली. बाईंनी डबा न उघडता पिशवीत ठेवला. त्यांना लाज वाटली, दुसरा शब्द नाही. तरीही त्या गप्प राहिल्या. हे लपवण्यात अर्थ नाही. चांगली माणसं लगेच बोलतात असं गोष्टींत असतं. बाई चांगल्या होत्या आणि अडीच महिने गप्प राहिल्या.

अपिलाची सुनावणी लागली तेव्हा त्यांना जावकची वही घेऊन हजर राहायचं पत्र आलं. आदल्या दिवशी अधीक्षक खाली आले. गुडघ्याची चौकशी झाली.

"काही नाही हो बाई, पाच मिनिटांचं काम. वही दाखवायची, नोंद माझीच आहे म्हणायचं. आणि ते खरंच आहे, नाही का?"

"खरं आहे, साहेब."

"आपलं घर आहे हे. घरातलं घरात राहिलेलं बरं."

"ती पोरगी कुठल्या घरातली, साहेब?"

अधीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "अहो, ती फाईल माझ्या रजेत अडकली होती. मलाही दोन मुलं आहेत. मी काय राक्षस आहे का?" ते खरंच राक्षस नव्हते. बाईंना त्यांची कीव आली, आणि त्या अडीच महिन्यांत ती कीव त्या पोरीला फार महागात पडली होती, हेही त्याच क्षणी कळलं.

घरी आल्यावर त्या यजमानांना म्हणाल्या, "उद्या माझं काय होईल सांगता येत नाही."

"झालं तर होईल. धावत येणाऱ्या प्रवाशासाठी मी कितीदा घंटी वाजवून गाडी थांबवून धरली, ड्रायव्हरच्या शिव्या खाल्ल्या. कुठे काय बिघडलं?" मग ते म्हणाले, "ती गाडी मात्र अजून निघालेली नसायची. पोरीची गाडी गेली."

बाईंना ते लागलं. मुद्दामच बोलले होते.

सुनावणीची खोली पहिल्या मजल्यावर. लांब टेबल, काचेचे पेले, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. कुलगुरू, दोन ज्येष्ठ प्राध्यापक, एका टोकाला अधीक्षक, दुसऱ्या टोकाला मुलगी आणि वकीलबाई. वडील दाराशी खुर्चीच्या कडेवर टेकलेले. बाई आत आल्या तेव्हा त्यांच्या हातात वही होती आणि तिच्याखाली आणखी एक जाड फाईल. तिच्याबद्दल कुणी विचारलं नाही.

कुलगुरूंनी नोंद पाहिली. "हे अक्षर तुमचं?"

"हो, सर."

"म्हणजे नोटीस तीन तारखेला निघाली."

"नाही, सर. ओळ तीन तारखेची आहे. नोटीस सोळा तारखेला निघाली."

बाईंनी फाईल उघडून पान पुढे केलं. "ही पोस्टाची पावती. हा तिच्यावरचा शिक्का. पाकिटाचा क्रमांक वहीतलाच आहे, बघा. वहीत मी रिकामी ओळ ठेवली होती, सांगितल्यावर भरली. पावती मात्र ज्या दिवशीची त्या दिवशी चिकटवते."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय?" एका प्राध्यापकांनी विचारलं.

"आता कळतंय. लिहिताना कळलं नव्हतं, कारण मी वाचत नव्हते. अभिमान होता मला त्याचा."

अधीक्षक खाली मान घालून बसले. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. दाराशी बसलेल्या वडिलांनी पहिल्यांदा मुलीकडे सरळ पाहिलं, आणि मुलीने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

आदेश आठवड्याने आला. नोटीस वेळेत न दिल्यामुळे निलंबन रद्द, नव्याने सुनावणी. नव्या सुनावणीत मुलीने ती जुनी वही टेबलावर ठेवली, आणि दोन मिनिटांत नाही पण दहा मिनिटांत ठपका पुसला गेला. हातून गेलेली परीक्षा मात्र परत आली नाही. तिला पुढच्या सत्राची वाट पाहायची होती. अधीक्षकांवर चौकशी बसली. बाईंनाही कारणे दाखवा नोटीस आली आणि उरलेल्या दोन वर्षांसाठी त्यांची भांडारात बदली झाली. तिथे खडू, फायली आणि मोडक्या खुर्च्या होत्या. त्यांनी तक्रार केली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं यजमान म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "मी संन्यासी नव्हते हो."

बदलीच्या आधीच्या शेवटच्या दिवशी मुलगी आली. खिडकीतून नाही, दारातून. बाईंना वाटलं आभार मानायला आली असेल. त्या उठल्या, खुर्ची पुढे केली. मुलगी बसली नाही.

"मॅडम, एक विचारायचं होतं. तुम्ही पहिल्या दिवशीच सांगितलं असतं तर?"

"तर तू परीक्षेला बसली असतीस."

"हो." ती रागावलेली नव्हती, ते असह्य होतं. "बाबा आता रोज माफी मागतात. मला नको वाटतं ते. तुम्ही नका मागू."

"नाही मागत."

मुलीची नजर कपाटाकडे गेली. एकतीस वर्षांच्या जावकच्या वह्या, पाठीवर वर्षं लिहिलेल्या, वरपासून खालपर्यंत.

"माझ्याआधी अशा किती ओळी होत्या? शिस्त विभागाच्या?"

बाईंनीही कपाटाकडे पाहिलं. मोजायचं त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. ओळ भरली की ती इतर ओळींसारखीच दिसते.

"माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "त्यांच्यातलं कुणी विचारायलाच आलं नाही."